न बोलणाऱ्याचे दुखणे

'माझा आवडता प्राणी' हा विषय आम्ही सातवीच्या वर्गाला निबंधासाठी देतो, तेव्हा वह्यांतून बहुधा कुत्री, मांजरे आणि गाईच निघावयाच्या. अलीकडे त्यांच्या पंक्तीला एक परदेशस्थ पाहुणा येऊन बसला आहे. तो म्हणजे गिनीपिग. मागील वर्षी एकाच वर्गातील चार वह्यांत तो आम्हांला भेटला, आणि चारही निबंधांत एक वाक्य थोड्याफार फरकाने तेच होते : 'तो फार शांत असतो व कोणालाही त्रास देत नाही.' त्या वाक्याखाली लाल शाईची खूण आम्ही केली नाही. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष होते. परंतु वह्या बाजूला ठेवल्यावरही ते वाक्य मनातून जाईना. कारण काही वर्षांपूर्वी असेच वाक्य आमच्या स्वतःच्या तोंडी होते, आणि ज्या दिवसांत आम्ही ते कौतुकाने उच्चारीत होतो त्याच दिवसांत आमच्या घरातील एक जीव उपासमारीने झिजत होता.

प्रथम या पाहुण्याची थोडी ओळख करून देणे उचित होईल. गिनीपिग हे डुक्कर नव्हे आणि त्याचा गिनी देशाशीही संबंध नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशात, म्हणजे आजच्या पेरू, बोलिव्हिया आदी देशांत, माणसाने त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळविले. तेथे तो खाण्यासाठी पाळला जात असे, आणि आजही पाळला जातो. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला आणि तेथे श्रीमंतांच्या मुलांचा खेळगडी झाला. आमच्या गोव्यातील पोर्तुगीज शिकलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना त्याचे 'पोर्किन्यु द इंडिया' हे नाव आठवत असेल. त्याचा अर्थ 'इंडियातील छोटे डुक्कर' असा होतो! अमेरिकेलाच 'इंडिया' म्हणण्याच्या जुन्या घोटाळ्याचा हा अवशेष. नावाबाबत ज्याच्या वाट्याला एवढे गैरसमज आले, त्याच्या प्रकृतीविषयीही आपण गैरसमज करून घ्यावा यात नवल नाही.

आमच्या घरी दोन गिनीपिग होते. बदली होऊन परगावी निघालेल्या एका स्नेह्याने ते आमच्या मुलांना दिले. एक तांबूस, म्हणून त्याचे नाव बोंडू ठेवले; दुसरा पांढरा शुभ्र, तो कापूस. पडवीत त्यांची लाकडी पेटी असे. स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडण्याचा नुसता आवाज झाला तरी दोघे शिट्टीसारखा स्वर काढून घर दणाणून सोडीत. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि कापसाची शिट्टी हळूहळू बंद झाली. तो कोपऱ्यात बसू लागला. मुलांनी उचलले तर पूर्वीसारखी धडपड करीना. आमची आई म्हणाली, "तो आतां बरो ओगी रावता." आम्हांलाही तसेच वाटले. प्राणी हाताळला झाला, शहाणा झाला, अशी आम्ही आमची समजूत घालून घेतली. भाजी ठेवली की तोही बशीपाशी येई, तोंड हलवी, आणि सकाळी बशी रिकामी झालेली असे. हनुवटीखालचे केस ओले दिसत. ते पाण्याच्या बाटलीने भिजले असतील असे आम्ही मानले. असे तीन आठवडे गेले. एके दिवशी पहाटे तो कुशीवर पडलेला आढळला.

भर पावसात बसने शहर गाठून आम्ही त्याला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी प्रथम नाडी पाहिली नाही की आम्हांला लक्षणे विचारली नाहीत. कापसाला उचलून त्यांनी तराजूवर ठेवले. काटा ५९० ग्रॅमवर थांबला. मग मान वर करून त्यांनी एकच प्रश्न केला : "याचे पूर्वीचे वजन किती होते?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. वर्गातील चाळीस मुलांना प्रत्येक चाचणीत किती गुण मिळाले हे आम्हांला तोंडपाठ होते. घरातील या जिवाचे वजन आम्ही एकदाही केले नव्हते. प्रौढ गिनीपिगचे वजन साधारणतः ७०० ते १२०० ग्रॅम असते. म्हणजे कापसाने आपल्या देहाचा केवढा तरी भाग आमच्या डोळ्यांदेखत गमावला होता, आणि दाट पांढऱ्या केसांखाली ते आम्हांला दिसले नव्हते. दुखणे दाढांचे होते. गिनीपिगला वीस दात असतात आणि ते सर्वच्या सर्व जन्मभर वाढत राहतात. चघळून चघळून ते झिजले नाहीत तर मागच्या दाढा आत कलतात आणि जिभेवर पुलासारख्या येऊन बसतात. मग जीभ हलत नाही, घास गिळता येत नाही, लाळ हनुवटीवरून ओघळते. भूक मात्र शाबूत असते. म्हणूनच कापूस बशीपाशी येत होता. तो घास उचलीत होता आणि टाकीत होता. बशी रिकामी करीत होता तो बोंडू! वैद्यांनी पिचकारीने पातळ अन्न भरविण्याची पराकाष्ठा केली, परंतु दाढा कापण्यासाठी भूल द्यावी इतकेही त्राण त्या देहात उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी रात्री तो गेला.

हा प्राणी आपले दुखणे लपवितो, हे आम्हांला त्यानंतर कळले. त्यात कपट नाही. त्याचे रानटी पूर्वज गवतात कळपाने राहत आणि कोल्हा, ससाणा यांची नजर नेहमी कळपातील लंगड्यावर व मलूल असणाऱ्यावर पडे. जो आजार दाखवील तो प्रथम मरेल, असा तो कायदा होता. पेटीत राहावयास येऊन हजारो वर्षे लोटली तरी अंगात भिनलेला तो कायदा गेलेला नाही. म्हणून आजाराचे चिन्ह आपल्या डोळ्यांना दिसू लागते, तेव्हा आजार बहुधा जुना झालेला असतो.

यावर आमचे एक सहकारी म्हणाले, "आपल्या वाडवडिलांनी दारात गुरे बाळगली, त्यांनी कधी गाईला तराजूत घातले होते काय?" प्रश्न वरवर बिनतोड वाटतो, पण थोडा विचार केला तर तो आमच्याच बाजूचा आहे. गाय बाळगणारा माणूस रोज दोन वेळा तिचे दूध मापीत असे. माप अर्ध्या शेराने उतरले की तिच्या पाठीवरून हात फिरवी, रवंथ चालू आहे की थांबली ते पाही, शेण न्याहाळी. त्याचा तराजू म्हणजे ती चरवी. शेळीवाल्याचेही तसेच. गिनीपिग दूध देत नाही, नांगर ओढत नाही, अंडी घालीत नाही. त्याच्या प्रकृतीचा हिशेब देणारे कोणतेच माप घरात आपोआप होत नाही. ते मुद्दाम करावे लागते.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की, ज्या घरात गिनीपिग आहे त्या घरात आठवड्यातून एकदा त्याचे वजन झालेच पाहिजे, आणि ते कागदावर उतरलेच पाहिजे. यास खर्च नाही. स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखविणारा साधा तराजू पुरतो. त्यावर एक खोलगट टोपली ठेवून काटा शून्यावर आणावा, मग प्राण्याला अलगद आत ठेवावे. वार एकच असावा, वेळ एकच असावी, आणि ती खाऊ घालण्यापूर्वीची असावी. कारण पोटभर जेवलेल्याचे वजन आणि उपाशी असलेल्याचे वजन यांची तुलना फसवी होते. वीस-तीस ग्रॅमने वजन इकडेतिकडे झाले तर घाबरू नये. ५० ग्रॅमांहून अधिक घटले तर त्याच दिवशी तोंड, दात, लेंड्या, श्वास सर्व तपासावे आणि एक दिवसाआड पुन्हा वजन करावे. देहाचा दहावा हिस्सा गेला, म्हणजे ९०० ग्रॅमच्या प्राण्याचे ९० ग्रॅम उतरले, तर वाट पाहू नये, वैद्य गाठावा. आमच्याकडे यासाठी जुन्या हजेरीपटाची कोरी पाने वापरात आहेत. बोंडूची हजेरी दर रविवारी होते.

वजनाखालोखाल महत्त्व आम्ही लेंड्यांना देतो. विषय किळसवाणा वाटेल, परंतु पेटी झाडणाऱ्याला ही माहिती फुकट मिळते. निरोगी लेंडी लांबट, भरीव आणि एकसारखी असते. ती लहान, कोरडी किंवा टोकदार होऊ लागली, अथवा सकाळी नेहमीच्या निम्मीच निघाली, तर आत जाणारे अन्न घटले आहे असे खुशाल समजावे. (गिनीपिग स्वतःच्याच काही मऊ लेंड्या खातो, ते पाहून मुलांनी ओरडू नये. त्याच्या पचनाची ती रीत आहे.) त्याचे आतडे सतत चालू असावे लागते. माणसाने एक दिवस लंघन केले तर प्रकृतीला बरे असे आपण म्हणतो. गिनीपिगने बारा तास अन्नाला तोंड लावले नाही तर आतडे मंदावते, आणि दिवसभर लावले नाही तर प्राण धोक्यात येतो. येथे 'उद्या पाहू' हा शब्द चालत नाही.

आता प्रतिबंधाकडे वळू. कापसाच्या दाढा काही अंशी जन्मजातही वाकड्या असतील. तसे पुष्कळदा असते. परंतु आमचा दोष आम्ही झाकणार नाही. त्याला आम्ही गाजर, बिस्किटे, दुकानातील दाणे आणि उरलासुरला भातही घातला. गवत मात्र हाताला येईल तसे. वस्तुतः गिनीपिगचा मुख्य आहार गवतच आहे. चांगले वाळलेले हिरवट, सुवासिक गवत त्याच्यापुढे रात्रंदिवस असले पाहिजे, कारण दाढा झिजतात त्या ते चघळूनच. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने ही गोष्ट कठीण होऊन बसते. हवेतील ओलाव्याने गवताला बुरशी येते, आणि बुरसटलेले गवत घालणे म्हणजे श्वासाचा रोग घरात आणणे होय. त्या वर्षी आम्ही गवत बंद करून भाताचा पेंढा घातला होता. पेंढा अंथरुणाला ठीक. त्यात सत्त्व नसते. आता आम्ही उन्हाळ्यातच गवत घेऊन घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवतो, आणि पाऊस उघडला की स्वच्छ जागेचे ताजे गवत पुसून, पाणी निथळवून घालतो.

दुसरी गोष्ट जीवनसत्त्व 'क' ची. गाय, कुत्रा, मांजर आपल्या शरीरातच ते तयार करतात. माणूस आणि गिनीपिग यांना ती शक्ती नाही. १९०७ साली नॉर्वेतील अक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिक हे दोघे खलाशांना होणाऱ्या एका रोगाचा शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगना केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्या प्राण्यांना चक्क स्कर्व्ही झाली. आणि ताजी भाजी मिळताच ती टळते असे दिसले. वास्को द गामाच्या जहाजांवर ज्या रोगाने माणसे पटापट मेली तोच हा रोग. पुढे जीवनसत्त्व 'क' ची ओळख पटविण्याच्या कामीही हाच प्राणी उपयोगी पडला. आपल्या मुलांच्या हिरड्या ज्याच्यामुळे सुरक्षित झाल्या, त्याच्याच हिरड्यांतून आमच्या घरी रक्त यावे हे बरे दिसत नाही. याची लक्षणेही मुकीच असतात. सांधे दुखतात म्हणून तो हलत नाही, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. उचलताच किंचाळतो, आणि मुले म्हणतात की रुसला. देहाच्या प्रत्येक किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम एवढीच त्याची गरज आहे. लाल भोपळी मिरचीच्या १०० ग्रॅमांत सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास हे सत्त्व असते. म्हणजे एक फोड आणि चार काड्या कोथिंबीर एवढ्यावर काम भागते. पेरूची लहानशी फोड अधूनमधून द्यावी. गोड असल्याने रोज नको. दुकानातील दाण्यांच्या पिशवीवर जीवनसत्त्वाचा आकडा छापलेला असतो, पण तीनेक महिन्यांत ते बरेचसे उडून जाते. पाण्यात थेंब टाकण्याची युक्ती तर त्याहून फोल : उजेडात ते सत्त्व टिकत नाही, आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो.

इतर चिन्हे थोडक्यात सांगतो. नाकाडोळ्यांभोवती खपली, श्वासात घरघर, लघवी करताना किंचाळणे किंवा लघवीत रक्त, पायांच्या तळव्यांना लाली वा जखम, एकसारखी खाज सुटून केस झडणे, मान एका बाजूला कलणे, यांपैकी काहीही दिसले तरी ते उशिराचे चिन्ह समजावे. पेटीचा तळ जाळीचा नसावा आणि अंथरूण ओले राहू नये. तळव्यांचे फोड तेथूनच सुरू होतात. सशाला आणि गिनीपिगला एकाच पेटीत ठेवण्याची हौस पुष्कळांना असते, ती सोडावी. सशाच्या श्वसनमार्गात त्याला स्वतःला न बाधणारे असे जंतू असतात, जे गिनीपिगला न्यूमोनिया देतात. चैत्र-वैशाखातील उकाडा हाही छुपा शत्रूच. या प्राण्याला थंड डोंगरी हवा मानवते; पारा तिशीपलीकडे गेला की त्याला उष्माघात होऊ शकतो. पत्र्याखाली अथवा खिडकीच्या उन्हात पेटी ठेवू नये. बोंडू मे महिन्यात एका गार मंगलोरी कौलावर पसरून दुपार काढतो.

औषधाविषयी मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. कापूस पडला त्या पहाटे घरात मुलाच्या खोकल्याचे अमॉक्सिसिलिनचे अर्धे औषध शिल्लक होते. 'दोन थेंब घालून पाहा,' असे शेजारून कोणी सुचविले आणि आमचा हात बाटलीकडे गेलाही होता. वैद्यांनी नंतर सांगितले ते ऐकून अंगावर काटा आला. पेनिसिलिनच्या जातीची औषधे तोंडावाटे दिली तर गिनीपिगच्या आतड्यातील उपकारक जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि प्राणी काही दिवसांत दगावतो. जे औषध लेकराला वाचविते तेच याला विष आहे. घरचे उरलेले कोणतेही औषध, कितीही सौम्य वाटले तरी, या प्राण्याच्या तोंडात घालू नये.

येथे आम्हांला पालकांशी थोडे भांडावयाचे आहे. 'मुलाला जबाबदारी कळावी म्हणून प्राणी आणला,' असे पुष्कळ सुशिक्षित पालक अभिमानाने सांगतात. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. बारा वर्षांचा मुलगा गृहपाठ विसरला तर आम्ही त्याला रागावतो आणि तो दुसऱ्या दिवशी करून आणतो. पेटीतल्या जिवाला विसरला तर दुसरा दिवस उगवेलच असे नाही. जिवंत प्राणी म्हणजे जबाबदारीची बाराखडी गिरविण्याची पाटी नव्हे. मुलाने वजन करावे, मुलानेच वहीत लिहावे. परंतु दर रविवारी त्या आकड्याखाली घरातील मोठ्या माणसाची सही पडली पाहिजे, आणि मागील आकड्याशी तुलना त्या मोठ्या माणसाने केली पाहिजे. तसेच, एवढ्या लहान प्राण्यावर उपचार करू शकणारा वैद्य आपल्या गावाहून किती अंतरावर आहे, हे प्राणी घरात आणण्यापूर्वी विचारून ठेवावे. सर्वच पशुवैद्य गिनीपिग पाहत नाहीत. वैद्य नसेल, तर मुलाच्या हट्टाला नाही म्हणण्याचे धैर्य पालकांनी दाखवावे. हा प्राणी पाच ते आठ वर्षे जगतो. आज सातवीत असलेला मुलगा तोवर महाविद्यालयात गेलेला असेल.

आणखी एक अडचण आम्ही प्रामाणिकपणे मांडतो. गिनीपिगला एकटे ठेवू नये, सोबती लागतो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून त्याला जोडीदाराशिवाय पाळणे कायद्यानेच निषिद्ध आहे. पण सोबती आला की बशी खोटे बोलू लागते, हे आम्ही अनुभवले आहे. म्हणून दोन असले तर दोघांना भाजीची फोड हातानेच द्यावी, आणि प्रत्येकाने ती चावून गिळली की नाही ते डोळ्यांनी पाहावे. याला पाच मिनिटे लागतात. कापूस गेल्यावर बोंडूलाही आम्ही एक सोबती आणला.

गतवर्षी श्रावणातील एका रविवारी बोंडूचा आकडा ९४० वरून ८७० वर आला. तो खात होता, शिट्टी घालीत होता, आम्हांला तर तो नेहमीसारखाच दिसत होता. आईनेही तसेच सांगितले. तरीही आम्ही त्याच दिवशी दुपारची बस धरली. वैद्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले आणि एका फुप्फुसात घरघर असल्याचे सांगितले. त्याला चालेल असे औषध मिळाले, दोन आठवडे पिचकारीने भरवावे लागले, आणि गणेशचतुर्थीच्या आदल्या रविवारी हजेरीपटावर ९२५ ही नोंद झाली.

ज्या विद्यार्थ्यांच्या घरी तराजू नाही त्यांनी संकोच करू नये. विज्ञानशाळेतील तराजू शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही मोकळा ठेवणार आहोत. मुख्याध्यापकांनी तशी संमती दिली आहे. प्राणी आणताना हवेशीर टोपलीत मूठभर गवत घालावे, दुपारच्या उन्हातून आणू नये, दोन घरचे प्राणी एकमेकांजवळ ठेवू नयेत, आणि सोबत एक कोरी वही आणावी.